बाबा झोपलेत

आम्ही मूळचे वर्ध्याकडचे, हिंगणघाटच्या बाजूचं आमचं गाव, पण मी तिथली म्हणायची की इथली हे माझं मलाच कळत नाही, कारण जन्म इथला, भोपाळचा, अन् तोंड उघडलं ते तिकडे, मावशीच्या घरी. तुम्ही म्हणाल असं कसं, तर तेच सांगून राहिले मी. भोपाळची बाई म्हटलं की बाहेरगावचे लोक पहिले गॅसचंच विचारतात, डोळे कसे आहेत, घरचं कोणी गेलं का. नाही जी, आमचं क्वार्टर शहराच्या दुसऱ्या टोकाला, पिपलानीकडे, आमच्याकडे तेवढं काही आलं नाही. ज्यांच्याकडे आलं त्यांचं दुःख मोठं, त्याच्यापुढे आमचं काय. आमच्या घरात जे झालं ते बाहेरून नाही आलं, ते आमच्या आईनंच केलं, अन् मायेनं केलं, अन् सगळा मोहल्ला त्याच्यासाठी तिला शाबासकी देत होता.

बाबा मोठ्या कारखान्यात होते, लोखंड तापवून ठोकायचं जे खातं असतं त्याच्यात. शिफ्टची ड्युटी. रात्रपाळी असली की सकाळी यायचे, दोन पोळ्या खायचे अन् झोपायचे, म्हणजे आमच्या घरात रात्र दिवसा व्हायची, खिडकीला घोंगडी टांगलेली, बाहेर ऊन तापलेलं अन् आत काळोख. दोन खोल्यांचं क्वार्टर, मधे दरवाजा नाही, पडदा. एका बाजूला बाबा झोपलेले, दुसऱ्या बाजूला चूल, भांडी, आई अन् आम्ही. बाबा राक्षस नव्हते हां मॅडम, तुम्ही लिहून घेऊन राहिल्या म्हणून आधीच सांगते, नाहीतर लिहाल की बाप मारकुटा होता. त्यांना भीती होती. त्यांच्या खात्यातला एक माणूस झोपेच्या गुंगीत मशीनवर उभा राहिला अन् मशीनमध्येच गेला, बाबांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हापासून त्यांना एकच, झोप पाहिजे, झोप मोडली की आपलीही तीच गत होईल. अन् आई, ती शिकलेली नाही, लग्न होऊन परक्या मुलखात आलेली, हिंदी धड येत नाही, तिच्या डोक्यात पक्कं बसलं की नवऱ्याची झोप मोडली तर कुंकू पुसलं जाईल.

मी मात्र अशी भवानी, जन्मापासून गळा मोठा. आई सांगते, मी रडले की पलीकडच्या लाईनीतली पंजाबीण विचारायला यायची क्या हुआ बहनजी. एकदा मी डब्याचं झाकण घेऊन थाळी वाजवली, पोरच ते, तीन वर्षांचं असेल नसेल. बाबा उठून आले. मला हात नाही लावला त्यांनी. ते झाकण माझ्या हातातून घेतलं, भिंतीवर फेकलं, अन् मग खाली बसून दोन्ही हातांनी डोकं धरलं अन् आईला म्हणाले, हिला पाठव कुठंतरी, नाहीतर एक दिवस मी त्या मशीनमध्ये जाईन मग बस वाजवत. आईला तेव्हा दिवस गेलेले होते. आठवड्याच्या आत मावशी आली अन् मला घेऊन गेली. स्टेशनवर आई रडली असेल असं तुम्हाला वाटेल, नाही रडली, तिनं माझ्या तोंडावर बोट ठेवलं अन् म्हणाली मावशीकडे गोंधळ करू नको, नाहीतर तीबी पाठवून देईल. आता बोला.

मावशीचं घर म्हणजे बाजार. गुरं, पोट्टे, भांडणं, मावसा बैलाशी बोलायचा तरी शेजारच्या आवारात ऐकू जायचं. तिथं कोणी मला चूप म्हटलं नाही. उलट मावशी म्हणायची, अवो बोल ना मोठ्यानं, पोटात काय ठेवतं, बोलणाऱ्याचे हुलगे विकतात, न बोलणाऱ्याचे गहूबी पडून राहतात. आज मी तुमच्यासमोर एवढं पटपट बोलून राहिले ते त्या बाईचे उपकार.

इकडे मनोज झाला. माझा भाऊ. अन् आईनं मनाशी ठरवलं की पोरगी गेली ती गेली, हा जाणार नाही. हे तिनं कोणाला सांगितलं नाही, मला फार वर्षांनी सांगितलं, भाजी निवडता निवडता, जसं काही दुसऱ्याच बाईची गोष्ट सांगते तसं. म्हणे, मनू रडला असता तर त्यालेबी नेला असता, मंग मी कोणासाठी जगली असती.

तर तिनं काय केलं, ऐका. बांगड्या कोपरापर्यंत सरकवायच्या अन् वरून रुमाल बांधायचा. भांड्यांच्या खाली चिंध्या. फोडणी झाकण ठेवून. कुकर बाबा उठल्यावर. दाराची कडी सुतळीनं गुंडाळलेली. मनोजच्या पायात वाळे घातले होते आजीनं, ते बारशानंतर लगेच काढले. तो रडायच्या बेतात आला, नुसते ओठ वाकडे झाले की आई त्याला छातीशी घ्यायची अन् पाजायची. लोक म्हणतात रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही. आमच्या घरी उलटं होतं, न रडेल त्याला दूध. तो शहाणा झाला. त्याला समजलं की आवाज केला की आईचे डोळे पडद्याला लागतात, अन् आवाज नाही केला की आई हसते, पापा घेते. लहान लेकराला दुसरं काय पाहिजे असते मॅडम, आईचं तोंड हसरं पाहिजे. कोणी तरी एक लाल खुळखुळा दिला होता, आईनं तो चाकूनं उकलला, आतले दाणे काढून फेकले, परत चिकटवला अन् त्याच्या हातात दिला. मनोज तोच हलवायचा. मी स्वतः पाहिलं, मी परत आले तोवर तो खुळखुळा घरात होता, अन् तो तसाच हलवायचा अन् खुश व्हायचा, त्याला माहीतच नव्हतं की त्याच्यात काही वाजायला पाहिजे.

अन् लोकांचं काय सांगू तुम्हाला. टाऊनशिपमध्ये मराठी बायकांचं संक्रांतीचं हळदीकुंकू व्हायचं, पुण्याच्या, नागपूरच्या, सगळ्या साहेबांच्या, बाबूंच्या बायका. त्यांची पोरं सतरंजीवर लोळून राहिली, तिळगुळाची ताटं उलटून राहिली, अन् आमचा मनोज आईच्या पदराला धरून एका जागी. बायका म्हणायच्या, वहिनी, शिकावं तुमच्याकडून, किती गुणाचं लेकरू, घरात पोर आहे की नाही कळत नाही. संस्कार, संस्कार. आईला इथं कोणी कशासाठी कधी चांगलं म्हटलं नव्हतं. तिचं बोलणं खेड्यातलं, साडी साधी, पण पोराच्या बाबतीत ती सगळ्यांच्या वर. ती घरी येऊन मनोजची दृष्ट काढायची. मी कधी कधी विचार करते, त्यातली एक जरी बाई म्हणाली असती, अहो हे लेकरू इतकं गप्प का, तर काही झालं असतं का. पण घरोघरी पोरांच्या किंकाळ्यांनी बायका विटलेल्या, त्यांना आमचं घर देवळासारखं वाटलं.

मी शाळेच्या वयाची झाल्यावर परत आले. बाबा म्हणाले आता मोठी झाली, समजते तिला. मनोज तेव्हा तीन-साडेतीन वर्षांचा. बोलायचा, बोलायचा नाही असं नाही, पण सगळं श्वासात. कानाजवळ येऊन. अन् अर्धं तर भुवयांनी, आईचं त्याचं असं चालायचं, भूक लागली तर असं, शू आली तर तसं. पहिल्या दिवशी मी कशावरून तरी खदाखदा हसले, बाबा ड्युटीवर होते, घरात कोणी झोपलेलं नव्हतं, तरी दोघंही दचकले. मग मनोज माझ्याजवळ आला अन् त्यानं माझ्या गळ्याला बोट लावून पाहिलं. जसं आपण गरम तव्याला बोट लावून पाहतो तसं, हळूच. मला गुदगुल्या झाल्या म्हणून मी आणखी हसले. तेव्हा मला ते फार मजेचं वाटलं होतं.

मनोजची शाळा सुरू झाली तेव्हा खरं कळलं. गुरुजी हाजिरी घ्यायचे, मनोज उपस्थित म्हणायचा पण त्याचं त्यालाच ऐकू यायचं नाही, गुरुजी गैरहजर लावून मोकळे. पोरगा वर्गात बसलेला अन् घरी निरोप की पोरगा शाळेत येत नाही. बाबांनी त्याला पहिल्यांदा मारलं, अन् तो मार त्यानं असा खाल्ला की बाबांचा हात मधेच थांबला, कारण तो रडत होता पण आवाज काही नव्हता, डोळ्यातून पाणी, तोंड उघडं, अन् आत काही नाही. बाबाच घाबरले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरनं बॅटरी लावून पाहिलं, बढ़िया गला है, कुछ नहीं हुआ इसको, बोल बेटा आ. बेटा आ म्हणाला. डॉक्टरनं कान पुढे केला. म्हणाला, शरमाता है, बड़ा होगा तो ठीक हो जाएगा.

आईला मात्र समजलं. क्वार्टरच्या मागे मोठं मैदान होतं, त्याच्या पलीकडे बाभळी. एका दुपारी, बाबा झोपलेले, तिनं आम्हा दोघांना घेतलं अन् चालत त्या बाभळींपर्यंत नेलं, तिथून घरापर्यंत कितीही ओरडा, जाणार नाही. मनोजला समोर उभं केलं अन् म्हणाली, ओरड. तो तिच्याकडे पाहून राहिला. मनू, ओरड बाबू, इथं कोणी झोपलं नाही, आई म्हणून हाक मार मले. त्यानं तोंड उघडलं. काही नाही. असं म्हण, मी दाखवतो तुले, म्हणून तिनं छाती भरून श्वास घेतला अन् ओरडायला गेली, अन् मॅडम, तिच्या गळ्यातून नुसती फस्स हवा निघाली. इतक्या वर्षांत तिचाही गळा सुकून गेला होता. ती पुन्हा गेली, पुन्हा तेच. मग ती मटकन खाली बसली. मनोजला वाटलं हाच खेळ आहे, तो पण तिच्यासारखं तोंड उघडून फस्स करायला लागला अन् हसायला लागला, बिनआवाजाचं. मी ओरडले शेवटी. मी अशी ओरडले की बाभळीवरचे बगळे उडाले. तर आईनं पटकन माझ्या तोंडावर हात ठेवला. सवय हो, दुसरं काय.

पुढे कारखान्याची नोकरी संपली, बाबा रिटायर झाले, क्वार्टर सोडलं अन् आम्ही भोपाळच्याच अयोध्या नगरात दोन खोल्या बांधल्या. बाबा आता रात्री झोपायचे चार लोकांसारखे, अन् दिवसभर टीव्ही मोठ्यानं लावायचे, कारण हातोड्याच्या आवाजानं त्यांचे कान गेले होते. अन् मनोजला म्हणायचे, मूग गिळून काय बसतो, मर्दासारखा बोल ना. त्यांना आयुष्यभर कळलंच नाही की पोरगा असा का झाला. कसं कळणार, ते झोपलेले होते. तसेच एक दिवस झोपेत गेले, शांतपणे, ज्याची त्यांना भीती होती तसं काही झालं नाही, आईनं त्यांना त्यांचं आयुष्य पुरं करून दिलं.

मनोजला नोकरी लागली गोविंदपुऱ्यात, एका छोट्या युनिटमध्ये, पत्र्याच्या शीटा उतरवायच्या, रचायच्या. मालक खुश, म्हणायचा ऐसा लड़का नहीं मिलेगा, कभी जवाब नहीं देता. लग्नाचं पाहिलं दोन-तीन ठिकाणी, मुलीकडचे काही विचारायचे, हा पुटपुटायचा, ते लोक एकमेकांकडे पाहायचे अन् चहा पिऊन जायचे. एका बाईनं तर तोंडावर विचारलं, मुलात खोट आहे का. आई म्हणाली नाही, लाजाळू आहे. मग कोणी आलं नाही. अन् त्यानंही कधी म्हटलं नाही की मला पाहिजे.

मग ते झालं. जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी शीटांची थप्पी सरकली अन् त्याचा पाय खाली दाबला गेला, मशिनी चालू होत्या, त्या खडखडाटात कोणाला कळलं नाही. तो मागच्या बाजूला, भिंतीकडे. मग सुट्टी झाली, बाकीचे पुढे, डबे उघडून जेवायला बसले, भिंतीपलीकडे नाही, तिथंच, त्याला त्यांच्या गप्पा ऐकू येत होत्या. भाजी कोणाची चांगली झाली ते ऐकू येत होतं त्याला. त्यांचं जेवण झालं, बिडी झाली, मग एकाला वाटलं मनोज कुठं दिसत नाही, तेव्हा सापडला. पाय गुडघ्याखालून कापावा लागला. डॉक्टर म्हणाले लगेच काढला असता तर वाचला असता कदाचित. मी त्याला विचारलं, माझ्यानं राहवलं नाही, म्हटलं मन्या, तू हाक का नाही मारलीस रे. तो म्हणाला, ताई, मारली ना. किती मारल्या.

दवाखान्यात वॉर्ड भरलेला, कोणी विव्हळते, कोणी आईला बोलवते, अन् आमचा मनोज छताकडे पाहून पडलेला, ओठ घट्ट. पट्टी बदलायला नर्स आली, केरळकडची होती, चांगली बाई. ती आईला म्हणाली, माताजी, आपका बेटा बहुत अच्छा है, पूरे वार्ड में सबसे अच्छा, ज़रा भी आवाज़ नहीं करता. आईनं तिच्याकडे पाहिलं. तेच शब्द. जे संक्रांतीला बायका म्हणायच्या तेच. आईनं हात जोडले तिच्यापुढे, नर्सला वाटलं नमस्कार करून राहिली. मला माहीत आहे ती म्हणत होती बाई, नको म्हणू. बाहेर व्हरांड्यात आली अन् तिनं भिंतीवर कपाळ आपटलं, एकदा, दोनदा, मी धरलं. अन् तेव्हाही आवाज काही केला नाही तिनं, कपाळाचा झाला तेवढाच.

मी आता अरेरा कॉलनीत लहान पोरांच्या शाळेत आया आहे. नवरा गेला, मुलगी लग्न होऊन जबलपूरला, म्हणून आई अन् मनोजजवळच राहते. शाळेत सगळा दिवस कल्ला, नुसता कल्ला, नवीन टीचर डोकं धरते, मला बरं वाटतं. कोणी पालक सांगतात हमारा बच्चा बहुत शांत है, आपको परेशान नहीं करेगा. माझं ऐकते कोण, पण त्या लेकराला मी पहिले एक ताट अन् चमचा देते. तुमचा मुलगा घर डोक्यावर घेतो म्हणता ना, घेऊ द्या मॅडम. देव त्याचा गळा असाच ठेवो.

अन् आईचं म्हणाल तर आता तिला ऐकू येत नाही. वय झालं. मशीन आणून दिलं कानाचं, त्याच्यात तिला ट्रकचा हॉर्न ऐकू येतो, माझं ओरडणं ऐकू येतं, मनोजचं नाही येत. ते कोणत्याच मशीनला पकडता येत नाही. डोळे पण गेल्यासारखेच, भुवया वाचता येत नाहीत. मी सकाळी शाळेत गेले की दिवसभर ते दोघंच घरात, तो काही म्हणतो, ती म्हणते मोठ्यानं बोल रे बाबू, मोठ्यानं बोल. बहिऱ्या माणसाला आपला आवाज समजत नाही, तर आता ती स्वतः मोठ्यानं बोलते, इतकी की गल्लीत ऐकू जाते. आयुष्यभराचं राहिलेलं आता निघून राहिलं. संध्याकाळी मी आले की मी मधे बसते. मनू काय म्हणते, आई विचारते. मी सांगते, भाजीत मीठ कमी आहे म्हणते. मनू काय म्हणते. पाय दुखते म्हणते, नसलेला. असं आमचं चालते.

परवा, दिवाळीच्या आधी, आम्ही तिघं ओट्यावर बसलेलो. आई एकदम म्हणाली, अन् तिच्या त्या मोठ्या आवाजात, समोरच्या घरची माणसं बाहेर आली पाहायला. मनू, मी तुझं वाटोळं केलं का रे. मी म्हटलं आई, चूप. तर ती म्हणाली, कायले चूप, आता कोण झोपलं आहे. सांग मनू, मी केलं ना. मनोजनं कुबडी घेतली, उठला, तिच्याजवळ जाऊन बसला अन् तिच्या कानाला तोंड लावून बोलायला लागला. खूप वेळ बोलला. एवढं मी त्याला कधी बोलताना पाहिलं नाही. आई अशी मान तिरपी करून, डोळे मिटून ऐकत होती, म्हणजे ऐकण्याचा प्रयत्न करत होती, त्याचा श्वास तिच्या कानात जात होता तेवढाच. तो थांबला. आईनं माझ्याकडे तोंड केलं अन् विचारलं, शोभा, काय म्हणाला तो.

मला कुठं ऐकू आलं. तो तिच्या कानात बोलला. मी मनोजकडे पाहिलं, म्हटलं, काय सांगू रे. त्यानं मान हलवली, हो म्हणून नाही, नाही म्हणूनही नाही, आपली अशीच. आई थांबली होती. मग मी मोठ्यानं म्हटलं, नाही म्हणते तो. तू काही केलं नाहीस म्हणते. आई म्हणाली, एवढा वेळ बोलला अन् एवढंच. मी म्हटलं, हो, एवढंच.

तेव्हापासून ती बरी जेवते. मनोजला मी विचारलं नाही तो काय बोलला होता ते, अन् त्यानं सांगितलं नाही.